वरच्या मजल्याचं हवामान

आमच्या कंपनीच्या बसमध्ये दोन पंथ आहेत, उजवीकडे बसणाऱ्यांचा आणि डावीकडे बसणाऱ्यांचा. डांगे चौकातून सुटलेली बस नाशिक फाट्यावर वळली की पार चाकणपर्यंत साधारण उत्तरेला तोंड करून जाते. सकाळचं ऊन उजवीकडच्या खिडक्यांतून येतं. संध्याकाळी परतताना बसचं तोंड फिरलेलं असतं, पण तोवर सूर्यही फिरलेला असतो, म्हणजे ऊन पुन्हा उजवीकडूनच. मी कित्येक वर्षं उजव्या बाजूला बसते आहे. हवामान बदलतंय, पृथ्वी तापतेय, असं आमच्या बाजूचं एकमुखी मत आहे. डाव्या बाजूला ते अजून तितकंसं पटलेलं नाही. मोशीच्या पुढं ट्रॅफिकमध्ये बस अडकली की आमच्याकडचे लोक पडदे ओढत जगाच्या काळजीनं बोलू लागतात आणि डावीकडचे निवांत झोपलेले असतात.

"मॅडम, हे तुम्ही नाही बोलत, तुमची सीट बोलतेय," असं डावीकडचा एक स्टोअरवाला मला तोंडावर सांगतो. मला त्याचा राग येतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

मी क्वालिटीत काम करते. एक पीस हातात घेऊन त्यावरून अख्खा लॉट पास करायचा नाही आणि रिजेक्टही करायचा नाही, हे माझ्या अंगात इतकं भिनलंय की भाजीवाल्याकडंही मी एक टोमॅटो बघून थांबत नाही. त्यामुळं कुणी एका सकाळच्या थंडीवरून किंवा एका दुपारच्या उन्हावरून साऱ्या पृथ्वीचा निकाल लावला की माझं डोकं फिरतं. माझं डोकं फिरायला तसंही फार काही लागत नाही, हे घरचे सांगतील.

आमची बिल्डिंग थेरगावात आहे, चार मजल्यांची, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर गच्ची आणि गच्चीच्या डोक्यावर थेट सूर्य. एप्रिल-मेमध्ये दुपारी नळ सोडला की चहाचं पाणी अर्धं तापूनच येतं. रात्री भिंतीला पाठ लावावी तर ती ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागते. आमचे हे मूळचे लातूरकडचे, टूलरूममधून रिटायर झालेले. त्यांना उन्हाचं काही कौतुक नाही. "आमच्याकडं याच्यापेक्षा लै तापतं," एवढं बोलून ते ओला टॉवेल डोक्यावर घेतात आणि पेपर वाचत बसतात. मला तो टॉवेल बघूनच जास्त गरम होतं.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर मुलीचा नाशिकहून फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलीच वेळ, आणि तारीख मेअखेरची. तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, हे मला पाठ असूनही मी साखरेचा डबा घेतला आणि चौथ्यापासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांच्या हातावर साखर ठेवून आले. परत वर चढताना धाप लागली तेव्हा लक्षात आलं की पोरीनं 'आई, कुणाला सांगू नकोस' असंही म्हटलं होतं. पण तोवर सगळ्या बिल्डिंगचं तोंड गोड झालं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण डिसेंबरात आमच्या विहीणबाईंचा फोन आला. फार समजूतदार बाई आहेत, मोठ्यानंही बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, रीत मला मान्यच आहे. पण मे महिना, तुमचा वरचा मजला, आणि एवढासा जीव. इथं आमचं तळमजल्याचं घर आहे, एसी आहे. इथंच करू या का? तुम्हीच या ना महिनाभर." यात चिडण्यासारखं एक अक्षर नव्हतं आणि तेच मला जास्त लागलं. कारण त्या बरोबर होत्या. आणि मला माझी लेक माझ्याच घरी हवी होती. तिच्या डोक्याला तेल मी घालणार, डिंकाचे लाडू माझ्या हातचे असणार, बाळाला पहिल्यांदा पायावर घेऊन मीच न्हाऊ घालणार, हे सगळं मी मनात केव्हाच करून टाकलं होतं. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून जाऊन ते होत नाही.

तेव्हा मला गच्ची सुचली. आमच्या कंपनीत पॅकिंगच्या शेडचं छत पांढरं केल्यापासून तिथल्या पोरींची पंख्यावरून होणारी भांडणं थांबली होती. गच्चीला चुन्याचे दोन जाड हात दिले तर ऊन बरंचसं वरच्या वर परत जाईल आणि माझं घर माणसाच्या, निदान बाळाच्या, राहण्याजोगं होईल. गच्ची मात्र सोसायटीची. म्हणजे मीटिंग आली, आणि मीटिंग म्हणजे गुरुवार.

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. बहुतेक कंपन्यांची सुट्टी त्या दिवशी, त्यामुळं मटण, केस कापणं, पाहुणे आणि सोसायटीची भांडणं सगळं गुरुवारी. मीटिंग सकाळी खाली पार्किंगमध्ये भरली. त्या आठवड्यात थंडीनं कहर केला होता. लोक शाली पांघरून, हात काखेत घालून उभे होते आणि मधोमध वॉचमननं शेकोटी केलेली. अशा ठिकाणी मी उभी राहून उन्हाळा, तापलेला स्लॅब आणि बदलतं हवामान या विषयांवर बोलू लागले.

आमचे चेअरमन थेरगावच्या जुन्या घराण्यातले. बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी त्यांचं वावर होतं, त्यामुळं ते मीटिंगमध्येही बांधावर उभं राहिल्यासारखे बोलतात. राहायला तळमजल्यावर, सगळ्यात गार घरात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, शेकोटीवर हात धरले आणि म्हणाले, "ताई, बोटं आखडल्यात माझी. कुठं हाय ती तुमची तापल्याली पृथ्वी? आणा की जरा हिकडं, शेकू तरी."

सगळे खो खो हसले. मी तावातावानं म्हणाले की एका सकाळच्या थंडीवरून काही ठरत नसतं, वर्षानुवर्षांचा हिशोब बघायचा असतो. त्यावर दुसऱ्या मजल्यावरची एक जण म्हणाली की गच्ची पांढरी केली तर कुरडया घालायच्या कुठं, चुना नाही का लागणार त्यांना? मग चर्चा कुरडयांवर गेली, तिथून पापडांवर, आणि माझा विषय शेकोटीतल्या काटक्यांबरोबर विझला. वर आल्यावर हे म्हणाले, "कशाला एवढी तावातावानं बोलायलीस? त्यांना थंडी वाजायली, तू उन्हाळा सांगायलीस." मी त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

फेब्रुवारी सरता सरता चित्र पालटलं. पंखे पाचवर गेले, जिन्यातले लोखंडी कठडे दुपारी हाताला पोळायला लागले, आणि सगळी बिल्डिंग एकदम माझ्या बाजूची झाली. जो भेटेल तो म्हणायचा, "काकू, क्लायमेट चेंज की हो!" जसं काही मीच तो पिशवीतून आणला होता. कुरडयावालीसुद्धा म्हणाली की हे काही खरं नाही, दरवर्षी वाढतच चाललंय. बसमधला स्टोअरवाला तर दोन दिवस माझ्यामागच्या सीटवर येऊन बसला. तो तिथं का बसला हे मी विचारलं नाही, त्याची खिडकी अडकली होती असं नंतर कळलं.

चेअरमननी नाइलाजानं मार्चमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी पुन्हा मीटिंग बोलावली. या वेळी मी तयारीनं, मुद्दाम गच्चीवरच ठेवायला लावली. तापलेल्या फरशीवर उभं राहिलं की कुणाला भाषण द्यावं लागणार नाही, असा माझा डाव होता. लोक आले, चपलेच्या तळव्यातून चटका लागतोय म्हणून पाय बदलत उभे राहिले, आणि मी मनातल्या मनात बारशाला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवू लागले. चेअरमननी घसा साफ करून "तर पहिला इषय, गच्ची" एवढं म्हटलं आणि डोंगराकडून काळंभोर आभाळ चालून आलं. वारा सुटला. टपटप करत पत्र्यांवर गारा वाजायला लागल्या.

पुढं मीटिंग कसली! लहानथोर सगळे गारा वेचायला धावले. कुणी बादली आणली, कुणी घमेलं, बायकांनी पदर पसरले. हे टॉवेल डोक्यावर धरून पोरांसारखे पळत होते. मी तरी काय वेगळं केलं? गारा बघितल्या की मला राहवत नाही. मी एक मोठी गार तोंडात टाकली, दात शिवशिवले आणि इतकं बरं वाटलं की बाळंतपण, चुना, विहीणबाई सगळं क्षणभर विसरले. चेअरमन ओल्या धोतरानं माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ताई, वरच्यानंच बर्फ टाकला. आता चुना कशापायी?" मग त्यांच्याच घरी भज्यांचा घाणा निघाला आणि मीटिंग भज्यांवर संपली. ती भजी फार चांगली झाली होती, हेही सांगायला हवं.

रात्री मात्र मला रडू आलं. नाशिकहून विहीणबाईंनी मोठ्या मायेनं विचारलं होतं की डोहाळजेवणाला येतो तेव्हा पोरीचं पुढचं काय ते ठरवून टाकू या का. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

डोहाळजेवण मार्चच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी होतं. गारांचं नावनिशाण उरलं नव्हतं, आभाळ स्वच्छ आणि ऊन पांढरं पडलेलं. आमच्या छोट्या हॉलमध्ये कडीला झोपाळा टांगला, पोरीला हिरवी साडी नेसवली, गळ्यात, हातात, केसांत मोगऱ्याचे दागिने घातले. ती इतकी गोड दिसत होती की मीच तिची दृष्ट काढली. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. विहीणबाई पैठणीत. वरचा स्लॅब सकाळपासून तापत होता. पंखा चालू होता, पण तो वरची गरम हवा खाली आणून घालण्याचं काम इमानेइतबारे करत होता.

पहिलं गाणं संपायच्या आत मोगरा पिवळा पडला. दुसऱ्या गाण्याला सूर लावणाऱ्या दोघी पाणी प्यायला उठल्या त्या परत आल्याच नाहीत, जिन्यात जाऊन बसल्या. मग पेढा की बर्फीचा खेळ झाला. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक पोटुशीनं उचलायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, असा तो खेळ. पोरीनं लाजत एक वाटी उघडली. आत काय आहे ते कुणालाच कळेना. दुसरी उघडली तर तिच्यातही तेच. उकाड्यानं पेढा आणि बर्फी दोन्ही बसून एकसारखी झाली होती. चेअरमनवहिनींनी दोन्ही वाट्यांत बोट घालून चाखलं आणि जाहीर केलं, "जुळं!"

त्यावर जो हशा उठला तो अजून माझ्या कानात आहे. पोरगी झोपाळ्यावर पोट धरून हसत होती आणि विहीणबाई पैठणीच्या पदरानं डोळे पुसत होत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी तोच पदर कपाळावरून, मानेवरून फिरवला, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मी काही बोलत नाही. तुम्हीच सांगा." मी पोरीकडं पाहिलं. माझ्या मुलीचे गाल लालबुंद झाले होते.

उत्तर चेअरमनवहिनींनी दिलं. उठून, पदर खोचून, जशा काही त्यांच्याच लेकीचा प्रश्न आहे अशा आवाजात त्या म्हणाल्या, "विहीणबाई, पोरगी हितंच येणार. येत्या गुरुवारी ह्या गच्चीला चुना लागतोय. आमच्या ह्यांचं काय करायचं ते मी बघते." सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुरडयावाली म्हणाली की एक कोपरा सोडा म्हणजे झालं.

 थंडीपासून मी सगळ्यांना सांगत होते की एका दिवसाच्या हवेवरून काही ठरवू नका, आणि शेवटी माझं काम एका दुपारच्या उकाड्यानंच केलं. एकच पीस, आणि लॉट पास! हरकत घ्यायला हवी होती खरं तर. मी सगळ्यांना पन्ह्याचा दुसरा ग्लास दिला.

तो चुन्याचा गुरुवार म्हणजे आमच्या बिल्डिंगची रंगपंचमीच झाली, फक्त एकाच रंगाची. आदल्या दिवशी टाकीजवळच्या पिंपात चुना भिजत घातला होता. उजाडताच सगळे हाताला खोबरेल चोपडून वर हजर. आमचे हे आपोआप मुकादम झाले आणि टूलरूममधल्यासारखे प्रत्येकाच्या मागं उभं राहून चुका काढू लागले. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा कंपनीत पेंटशॉपला आहे, तो म्हणाला की कुंचा असा आडवा मारा, आणि यांनी त्याला उभा मारायला सांगितलं. चेअरमन सुरुवातीला जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. "बायकूनं धाडलं म्हणून आलोय, पटलंय म्हणून न्हाई," असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून ठेवलं. पण काम चुकतंय असं वाटल्यावर त्यांना बसवेना, आणि नाश्त्याच्या पोह्यांपर्यंत त्यांच्या मिशांनाही चुना लागला होता.

घर गार झालं का? झालं. बर्फ पडला नाही, पण रात्री भिंतीला पाठ लावता यायला लागली. एप्रिलच्या मध्यावर विहीणबाई स्वतः पोरीला सोडायला आल्या, आमच्या खोलीत दुपारी आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, "राहू दे तिला इथं." मी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहिले, इतकी खूश होते.

आणि मग मे आला आणि त्यानं आमची सगळ्यांची फजिती केली. त्या वर्षी मेमध्ये ऊन असं पडलंच नाही. महिना अर्ध्यावर यायच्या आत आभाळ भरून आलं आणि रोज संध्याकाळी पाऊस पडायला लागला, कधी कधी सकाळीही. गच्चीवरचा चुना पन्हाळीतून ओघळला, बिल्डिंगच्या भिंतीवर पांढरे पट्टे उमटले, खाली लावलेल्या गाड्यांवर ठिपके पडले. लोकांच्या चेष्टेला ऊतच आला. "काकू, चांगला चुना लावलात हो आम्हाला!" हे मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी मीच आधी म्हणून टाकायची. बसमधल्या उजव्या बाजूनंही पडदे सोडून दिले आणि तिथंही लोक झोपायला लागले. हवामान वगैरे काही बदलत नाही, बघा ना किती छान गारवा आहे, असं एकमत झालं.

या सगळ्या गारव्यात, तारखेच्या थोडं आधीच, आमची नात जन्माला आली. बर्फी! दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा चारही मजल्यांची दारं उघडी होती आणि प्रत्येक मजल्यावर तिला थांबवून बघितलं गेलं, त्यामुळं वर पोचायला बराच वेळ लागला. मी तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. तिनं इतकं मोठ्यानं रडून घेतलं की खालून चेअरमनवहिनींनी ओरडून विचारलं, आजीवर गेलीय का?

खरं सांगायचं तर मलाही गच्चीचा विसर पडला. बाळ गारव्यात पाय झाडत पडलेलं असायचं, खिडकीतून ओली हवा यायची, आणि उगाच आपण एवढा आटापिटा केला असं मला वाटायला लागलं होतं.

मग पावसानं उघडीप दिली. एका सकाळी, हवेत अजून चांगला गारवा होता, मला डोक्यावर खराट्याचा आवाज आला. खर्र, खर्र. बाळ नुकतं झोपलेलं. मी चिडून वर गेले. चेअरमन एकटेच, धोतर वर खोचून, गच्चीवरचा शेवाळलेला, उडालेला चुना खराट्यानं काढत होते. शेजारी पिंपात नवा चुना भिजवलेला होता आणि दोन कुंचे काठावर ठेवले होते.

"अहो चेअरमन," मी म्हणाले, "आता कशाला? किती गार आहे बघा. पुन्हा पाऊस लागला की धुऊन जाईल."

"धुतला तर पुन्यांदा लावू," ते खराटा न थांबवता म्हणाले. मग थांबले, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "ताई, त्ये तुमचं हवामान बदलतंय का न्हाई, मला काय अजून पटल्यालं न्हाई. आन आज गार हाय, त्ये बी खरं. पर लेकरू काय आजच्यापुरतं आलंय व्हय?"

इतके महिने मी नेमकं हेच सगळ्यांना सांगत होते आणि मला ते एकदाही इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्यांच्याशी भांडायचंच राहून गेलं. मी पदर खोचला आणि दुसरा कुंचा उचलला.